फरशीचा स्वभाव ओळखा, मगच बादली उचला

मैत्रिणींनो, दसरा झाला की घराघरांतून साफसफाईचं वारं सुटतं. माळे उपसले जातात, गाद्या उन्हात पडतात, आणि सगळं आवरून झालं की नजर जाते ती पायाखाली. वर्षभर ती बिचारी फरशी साऱ्या घराचे पाय सोसत असते. कडेला काळपट थर, सिलिंडरखाली गंजाचं गोल वळं, देवापाशी तेलाचा डाग. मग शेजारचं कुणी हमखास सुचवतं, “अहो, थोडं ॲसिड टाका की! दोन मिनिटांत लख्ख.”

आणि फरशी लख्ख होतेही. पण किती दिवस? चार-सहा महिन्यांत ती पहिल्यापेक्षा मळकट दिसू लागते. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा चार दिवसांची चकाकी. हे असं का होतं, ते एकदा नीट समजून घेतलं तर फरशी वाचेल, पैसे वाचतील आणि हातही वाचतील.

फरशी कशाची आहे?

आपल्याकडे घरात दिसणारी शहाबादी फरशी, स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा आणि संगमरवर, हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. मोझॅकच्या टाइल्स म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. म्हणजे तीही त्याच गोत्रातली! आणि चुन्याचं नि आम्लाचं वैर. ॲसिड पडलं की फेस येतो, तो मळाचा नसतो. तुमची फरशीच विरघळत असते. वरचा गुळगुळीत थर मळासकट निघून जातो, म्हणून ती स्वच्छ दिसते. पण खाली उरतो तो खरबरीत, भोकाभोकांचा पृष्ठभाग. त्यात धूळ अधिक लवकर रुतून बसते. गेलेली चकाकी मग मशीनने घासून पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही, आणि त्याचा खर्च काही थोडाथोडका नसतो.

चकाकत्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सना ॲसिड सहसा खात नाही, हे खरं. पण दोन टाइल्समधल्या सांध्यांत बहुधा सिमेंट भरलेलं असतं, ते खाल्लं जातं. सांधे पोकळ झाले की पाणी खाली मुरतं, टाइल्स सुटतात. शिवाय ॲसिडच्या वाफेने नळांची चमक जाते आणि बिजागऱ्यांना गंज चढतो, तो वेगळाच.

घरातली फरशी कुठल्या जातीची हे कळत नसेल तर सोपी परीक्षा सांगते. कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तिथे निस्तेज ठिपका उमटला, तर ही फरशी आंबट काही सोसणार नाही असं समजा. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ॲसिड, सगळं तिला वर्ज्य.

रोजचं पुसणं

निम्मी फरशी खराब होते ती न झाडता पुसल्यामुळे. बारीक रेती ओल्या फडक्याखाली सापडली की पॉलिशपेपरसारखं काम करते. म्हणून आधी झाडू, मग फडकं. एक बादली साबणाच्या पाण्याची, दुसरी साध्या पाण्याची ठेवावी, आणि पाणी गढूळ झालं की बदलावं. साबण बेताचाच घ्या. जास्त झाला तर त्याचा चिकट थर राहतो नि त्यावर पावलं उमटतात. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ओघळ दिसतात ते बहुतेक वेळा याच थराचे.

तेल सांडलं तर लगेच त्यावर गव्हाचा कोंडा किंवा मुलतानी माती पसरा, तेल शोषलं की उचला आणि मग गरम पाणी-साबणाने पुसा. हळदीचा डाग सोड्याने तांबडा होतो, त्याने दचकू नका; धुऊन घ्या, ऊन येत असेल तिथे तो हळूहळू फिका पडतो. गंजाचा डाग चुन्याच्या दगडावरून काढणं अवघड. म्हणून सिलिंडर ट्रॉलीवर ठेवणं हाच शहाणपणा. बाथरूमच्या चकाकत्या टाइल्सवरचे क्षारांचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. मात्र आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते व्हिनेगर पिणार नाहीत, आणि दोन-तीन मिनिटांत भरपूर पाणी ओता.

गालिचाचंही तेच

इथेही आधी जात ओळखायची. सुती सतरंजी साबणाने धुवा, हरकत नाही. भदोही-मिर्झापूरकडचा लोकरीचा गालिचा मात्र ब्लीचिंग आणि धुण्याचा सोडा सोसत नाही. ब्लीचने लोकर पिवळी पडते नि विरते. त्याला आठवड्यातून एकदा ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनर, आणि महिन्या-दोन महिन्यांनी उलटा टाकून हलक्या हाताने झोडपणं पुरे. चहा सांडला तर चोळू नका. कोरडं फडकं दाबून टिपा, कडेकडून मध्याकडे या, मग गार पाणी नि किंचित सौम्य साबण. पावसाळ्यात तो चांगला वाळवून, घडी न घालता गुंडाळून, जुन्या सुती चादरीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या घातल्या तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचं

संडास धुण्याच्या बहुतेक बाटल्यांत आम्ल असतं. ते आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. “दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ” हा समज जिवावर बेतू शकतो. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला तर सगळं टाकून ताबडतोब मोकळ्या हवेत या. श्वास लागत असेल तर डॉक्टरांकडे जा. आपल्या घरी फरशी घासणारी बाईही हेच श्वासात घेत असते. तिला हे समजावून सांगणं आणि हातमोजे देणं आपलं काम आहे.

ॲसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका. तहानलेलं मूल रंग पाहत बसत नाही. चुकून कुणी प्यायलंच, तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. अंगावर उडालं तर वीस मिनिटं वाहतं पाणी सोडा; सोडा, चुना काही लावू नका. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, ते का हे तुम्हांला ठाऊक आहेच. अशी वस्तू ओट्याखाली हवीच कशाला?

तेव्हा यंदा दिवाळीआधी एवढंच करा. लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा, ॲसिडची बाटली घराबाहेर काढा, आणि मग झाडू, कोमट पाणी, थोडा साबण. चार दिवस आधी सुरुवात केलीत तर रांगोळीपर्यंत फरशीही प्रसन्न, आणि तुम्हीही.