चित्र नाही, म्हणून इतिहास नाही?

१/ जुन्या वास्तूंची चित्रकार्डे जमवणाऱ्यांमध्ये एक समज खोल रुजला आहे : ज्या गावाचे कार्ड निघाले नाही, त्या गावात जपण्यासारखे काही नव्हते. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे किंवा न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनचे कार्ड काचेच्या चौकटीत जाते. लोहा, कंधार, उदगीर ही नावे संग्राहकाच्या यादीतही येत नाहीत. हा समज साफ खोटा आहे, आणि त्यापायी मराठवाड्याचे रोज नुकसान होत आहे.

२/ आधी कार्डाचा इतिहास. जगातले पहिले टपाल कार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. हिंदुस्थानात ते जुलै १८७९ मध्ये आले. किंमत पाव आणा, चित्र नाही. चित्रकार्डांची लाट एकोणिसावे शतक संपता संपता आली. मुंबईत क्लिफ्टन आणि फोटोटाइप या कंपन्यांनी ती काढली. गिऱ्हाईक कोण? आगबोटीतून उतरलेला प्रवासी, छावणीतला गोरा शिपाई, मायदेशी पत्र धाडणारा अंमलदार. त्यांच्या वाटेवर जे होते, त्याचे कार्ड झाले.

३/ अमेरिकेत हेच वेगळ्या रीतीने घडले. १८९८ च्या कायद्याने खासगी कार्डे एका सेंटात जाऊ लागली. १९०३ मध्ये कोडॅकने कार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा आणला. मग चार-पाच हजार वस्तीच्या गावातला छायाचित्रकारही आपल्या गावचे न्यायालय, वाचनालय, बाजारपेठ यांची कार्डे घरीच छापू लागला. वॉकर एव्हान्स या विख्यात छायाचित्रकाराने अशा साध्या रस्त्यांची सुमारे ९,००० कार्डे जमवली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. ती गावे लोह्याहून अधिक ऐतिहासिक नव्हती. त्यांच्याकडे कॅमेरा, स्वस्त टपाल आणि गिऱ्हाईक होते, इतकेच.

४/ आता लोहा. तेव्हा ते निजामाच्या राज्यात, कंधार तालुक्यात होते. मनमाड-सिकंदराबाद मार्गाने नांदेडला आगगाडी आली, लोह्याला नाही. पाहण्यासारखे काही नव्हते काय? शेजारी कंधारचा किल्ला आहे; त्याभोवती रुंद खंदक आहे आणि त्या नगराचे नाव राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळाशी जोडलेले आहे. पलीकडे माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि तिथला जनावरांचा बाजार दूरदूरच्या लोकांना खेचतो. उणीव होती ती कार्ड विकत घेणाऱ्या प्रवाशाची. तरीही अशा गावांच्या वाट्याला छापील कार्ड क्वचितच आले.

५/ राज्यकर्त्यांची निवडही तशीच होती. निजाम सरकारने १९३१ मध्ये वास्तूंची चित्रे असलेली टपाल तिकिटे काढली. त्यांत चारमिनार आणि उच्च न्यायालय हैदराबादचे, महमूद गवानचा मदरसा बीदरचा. मराठवाड्यातून अजिंठ्याचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनार एवढेच. नांदेडचे काही नाही, कंधारचे काही नाही, उदगीरचे काही नाही. तिकिटावर नसणे हा निवडणाऱ्याचा निर्णय होता. गावाच्या मोठेपणाचे ते माप नव्हे.

६/ संग्राहक म्हणतील, कार्डांनीच पाडलेल्या वास्तूंची आठवण राखली. खरे आहे. १९१० मध्ये खुले झालेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडले गेले. आज त्याचे वैभव कळते ते बऱ्याच अंशी जुन्या चित्रांतून. त्या पाडकामाच्या संतापातून १९६५ चा न्यूयॉर्कचा वास्तुरक्षण कायदा आला. पण हा युक्तिवाद संग्राहकांवरच उलटतो. ज्याचे चित्र होते त्याच्यासाठी माणसे रडली. ज्याचे चित्रच नव्हते, त्याच्यासाठी कोण रडणार?

७/ उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. उद्ध्वस्त गावे नव्या जागी सरळ रेषेत वसवली गेली. जुन्या गावांतले वाडे, वेशी, पार, चावड्या कशा होत्या, हे सांगणारे छापील चित्र बहुतेक ठिकाणी नाही. ती गावे एकदा भूकंपाने गेली, दुसऱ्यांदा विस्मरणाने.

८/ शिवाय चित्रांचे हे भक्त चित्राशी तरी प्रामाणिक आहेत काय? ‘दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई’ म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनसचे रंगीत कार्ड सर्रास फिरते. त्या वास्तूचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि ती १८८८ मध्ये पुरी झाली. कार्डाचे वय तर पाठ उलटताच कळते. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये रेघ ओढण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता असे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. पण पाठ पाहतो कोण? तिकीट सोडवून घेतले, चित्र चौकटीत टाकले, की पुरावा संपला.

९/ मराठवाड्याचा इतिहास नेमका त्या पाठीवरच आहे. इथल्या घराघरांत बिनचित्राची कार्डे तारेला टोचून ठेवली जात. संस्थानाचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी. बाहेर जाणाऱ्या पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. शिक्का उर्दूत, मजकूर मोडीत किंवा बाळबोधात. पाऊस, कापसाचा भाव, सोयरीक, वाड्याच्या डागडुजीचा खर्च, सगळे त्या चार बोटे जागेत असे. फक्त मृत्यूची वार्ता आणणारे, कोपरा फाडलेले कार्ड घरात ठेवत नसत. बाकीची तार भरत जाई.

१०/ आज ती तार रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते. वाडा पाडला की आधी सागवानी खांब विकले जातात, मग तांब्या-पितळेची भांडी. कागद शेवटी, किलोच्या भावाने. आणि त्याच गावातला सुशिक्षित तरुण परदेशी स्टेशनाच्या कार्डासाठी लिलावात बोली लावतो. परक्या वास्तूचे प्रेम हा दोष नाही. घरची तार रद्दीत घालून ते प्रेम मिरवणे, हा दोष आहे.

११/ उपाय खर्चिक नाही. तिकीट कापू नये. गठ्ठा फोडू नये. एका घराची कार्डे एकत्र राहिली तरच बोलतात. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, गावाचे नाव आणि शिक्क्याची तारीख नोंदवावी, मोडी वाचणारा जाणकार हयात आहे तोवर वाचून घ्यावे. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात एक खण मागावा.

१२/ लोह्याचे चित्रकार्ड शंभर वर्षांपूर्वी कोणी छापले नाही, हा दोष लोह्याचा नव्हता. लोह्याहून लिहिलेली कार्डे यंदा रद्दीत गेली, तर तो दोष मात्र लोह्याचाच असेल.