पाळीची ओल मोजा

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात कोणत्याही मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ कोणी बांधली, असे विचारा. 'कोहळी समाजाने, गोंड राजाच्या काळात' हे उत्तर ठरलेले. ते खरेही असेल. पण एकेका पाळीचे वय सांगायचे तर परंपरा पुरत नाही, पुरावा लागतो. तो पाळीच्या तळाच्या मातीतच आहे.

ऊन लागले की वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणांत साठलेला किरणोत्साराचा परिणाम पुसला जातो. कण गाडले गेले की भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियममुळे आणि वैश्विक किरणांमुळे तो पुन्हा साठू लागतो. प्रयोगशाळेत प्रकाश टाकल्यावर कण मंद उजळतात, त्यावरून साठलेली मात्रा कळते. तिला वर्षाच्या मात्रेने भागले की वय निघते. 1985 मध्ये पुढे आलेली ही रीत भारतात रुजवण्यात अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतले अशोक सिंघवी यांचा मोठा वाटा आहे.

खरी गोम आहे ती भाजकात, म्हणजे वर्षाच्या मात्रेत. पाणी किरणे शोषते. तलावाच्या पाळीखालची माती वर्षातले कित्येक महिने ओलीचिंब असते, आणि नमुना मात्र घेतला जातो उन्हाळ्यात, तळ उघडा पडल्यावर. समजा, साठलेली मात्रा 0.75 ग्रे निघाली. कोरड्या मातीचा हिशेब धरून वर्षाला 3 मिलिग्रे मानले, तर वय 250 वर्षे. पाळ 1775 च्या सुमाराची, नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. माती बहुतेक काळ भिजलेली होती हे धरून 2.4 मिलिग्रे मानले, तर वय 312 वर्षे. पाळ देवगडच्या गोंड राज्यातली. कण तेच, यंत्र तेच. फक्त ओलीचा अंदाज चुकला आणि राज्य बदलले! असा आकडा एकदा छापून आला की तो खोडायला पिढी जाते.

शिवाय गॅमा किरणे चहूबाजूंच्या सुमारे 30 सेंटिमीटर मातीतून येतात. नमुना काढून नेला आणि भोवतालची माती जेसीबीने उपसली, तर वर्षाची मात्रा मोजणार कशावरून?

दुरुस्तीसाठी पाळी फोडल्या जातात. त्याला विरोध नाही. धानाला पाणी हवेच. पण फोडण्याआधी पाळीखालच्या जुन्या जमिनीच्या थरात पोलादी नळी ठोकून नमुना घ्यावा आणि त्याला उजेड लागू न देता तिची दोन्ही तोंडे बंद करावीत. भोवतालची माती वेगळी, हवाबंद पिशवीत भरावी. ओल मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मातीचे वजन करायचे, ती 105 अंशांवर भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचे. भंडाऱ्यातल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाला हे जमेल. एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पावसाळा सरताना सप्टेंबरात ही नोंद व्हावी, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच तिची तरतूद असावी. जिल्हा परिषदेने हे येत्या उन्हाळ्यापासूनच सुरू करावे.