चार गाई, दहा गुंठे मका

वसुबारस जवळ आली की आमच्या घरी एकच प्रश्न उभा राहतो : पूजेला वासरासह गाय आणायची कोठून? चिंचवडच्या आमच्या सोसायटीत मोटारींना जागा पुरत नाही, तेथे गाईला कोण विचारतो! गेल्या वर्षी आमच्या सौ.ने यावर तोडगा काढला, "दादांच्या गोठ्यावर जाऊ." दादा म्हणजे माझे थोरले मामेभाऊ. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला त्यांची थोडी जमीन आहे आणि चार गाई आहेत.

यंदाही गेलो. 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 2009 साली चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळात या पट्ट्यातली किती शिवारे कुंपणांच्या आत गेली, ते मोटारीतून जाता जाता मोजणे कठीण. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार मात्र अजून नाव राखून आहे. दादांच्या बांधालाही आता एक भिंत येऊन टेकली आहे.

पूजा आटोपल्यावर दादांनी मला गोठ्यामागे नेले. तेथे पांढऱ्या पिशव्यांची रांग होती, धान्याच्या पोत्यांहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी एकीचे तोंड सोडले. आंबूस-गोड वास आला. मी नाकाला रुमाल लावणार, तोच आतल्या गाईने दावे ताणून मान वळवली.

"तुमचा तो चकली-चिवडा, आमच्या गाईंचा हा फराळ," दादा म्हणाले. तो मक्याचा मुरघास होता.

या फराळामागे एक कथा आहे. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात दादा गाई विकायला निघाले होते. रानात हिरवे पान नव्हते. चाऱ्याची गाडी दारात येई आणि दुधाचे आलेले पैसे घेऊन परत जाई. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, तो म्हणाला, "गोठा मोडा. चार खोल्या बांधू, भाडे येईल." हिशेबाने त्याचे चूक नव्हते. वहिनींनी फक्त एक उन्हाळा मागून घेतला.

त्या पावसाळ्यात दादांनी दहा गुंठे मका केला. त्यांचा हिशेब बोटांवर मावणारा आहे. बी साडेसात किलो. चांगल्या रानात गुंठ्याला अर्धा टन वैरण, म्हणजे दहा गुंठ्यांत पाच टन. गाईला दिवसाला वीस किलो धरले तर चार गाईंना ऐंशी. म्हणजे साठ दिवसांची सोय. थोडी घट धरायची आणि जोडीला सुका कडबा द्यायचा.

"यात विकत काय घेतले?" मी विचारले.

"पिशव्या," दादा म्हणाले. "आणि पहिल्या वर्षीचे बी."

खत गोठ्यातलेच. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक. ती जमिनीला नत्र देते आणि वैरणीत प्रथिने आणते. वाण आफ्रिकन टॉल. तो संकरित नाही, म्हणून एका कोपऱ्यातली निवडक कणसे वाळवून बी घरी ठेवता येते. मात्र जवळ दुसऱ्याचा मका फुलात असला तर वाऱ्याने भेसळ होते. कडबाकुट्टी यंत्र तीन घरांत मिळून एक. मक्याचा आणखी एक गुण मला नवा होता. कोवळ्या ज्वारीची जनावराला किरळ लागते, प्रसंगी ते दगावते. मक्याला ती भीती नाही.

शत्रू मात्र आहेच. 2018 साली भारतात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याचा पोंगाच खाते. दादा आणि वहिनी सकाळी ओळीने पोंगे पाहत जातात, अंड्यांचे पुंजके चिरडतात आणि नऊ भाग वाळूत एक भाग चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकतात.

दाणा नखाने दाबल्यावर घट्ट चीक आला की कापणी. बोटाच्या पेराहून बारीक कुट्टी करायची. मुठीत दाबली तर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. मग पिशवीत थर घालून पायांनी तुडवायची, हवा काढून तोंड आवळायचे आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. हवा नसली की मक्यातल्या साखरेचे आम्ल होते आणि त्या आम्लात वैरण टिकते, आपल्या लोणच्यासारखी.

"या भागात जुनी पिंपे स्वस्त मिळतात, ती का नाही वापरली?" मी शहाणपणा केला.

"त्यांत आधी कसले रसायन होते, कोण सांगणार? ते शेवटी तुझ्या चहात यायचे," दादा म्हणाले.

पहिल्या वर्षी उंदरांनी दोन पिशव्या कुरतडल्या. आत बुरशी धरली. वहिनींनी हळहळत दोन्ही उकिरड्यावर रित्या केल्या. बुरशीची वैरण गाईला घालायची नाही, यात त्यांनी तडजोड केली नाही. तरीही गेला उन्हाळा निघाला. दूध फारसे वाढले नाही, पण ते घटले नाही आणि चाऱ्याची गाडी दारात फिरकली नाही. दादा श्रीमंत झाले नाहीत. दुधाचे पैसे घरात राहिले, इतकेच.

मुलाने खोल्यांचा विषय सोडलेला नाही. शेजारची भिंत पाहिली की दादाही गप्प होतात. परंतु यंदा पिशव्या भरायच्या दिवशी तो रजा काढून सकाळपासून वैरण तुडवत होता.

वसुबारसेला बायका दूधदुभते वर्ज्य करतात. वहिनींनी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी वाढली. निघताना त्या सौ.ला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पूजेला इकडेच या हं."

गेल्या दिवाळीत हेच वाक्य बोलताना त्या अडखळल्या होत्या.