पानाची नक्कल जमली, पावसाचे काय?

शिरोडा (जि. सिंधुदुर्ग) : सूर्याला कामाला जुंपण्याची कला शिरोड्याला नवी नाही. १९३० च्या सत्याग्रहामुळे देशाला परिचित झालेल्या येथील मिठागरांत उन्हावरच मीठ पिकते आणि पाऊस सुरू झाला की काम थांबते. छपरावरील सौर पॅनेलला मात्र अशी सुटी नाही. चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभर खारा वारा सोसून त्याने सुमारे २५ वर्षे वीज द्यावी, अशी अपेक्षा असते. निसर्गापासून प्रेरणा घेतलेल्या नव्या पिढीच्या सौरघटांची खरी परीक्षा येथेच आहे.

या संशोधनाची वाटचाल मोठी आहे. मायकेल ग्रॅट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी १९९१ मध्ये, पानातील हरितद्रव्याप्रमाणे प्रकाश शोषणारे रंगद्रव्य वापरून सुमारे सात टक्के कार्यक्षमतेचा घट सिद्ध केला. २०१७ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी भारतातही आढळणाऱ्या 'कॉमन रोझ' फुलपाखराच्या काळ्या पंखांवरील सूक्ष्म छिद्रांची रचना सिलिकॉनच्या पातळ थरावर उतरवली. त्यामुळे थराची प्रकाश शोषण्याची क्षमता कितीतरी वाढली.

ग्रॅट्झेल यांच्या रचनेतूनच पुढे पेरोव्स्काइट घट आले. जपानमध्ये २००९ साली त्यांची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे, तर सिलिकॉनसोबतच्या जोडघटांत ३४ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मुंबई आयआयटीतही जोडघटांवर संशोधन सुरू आहे. सिलिकॉन वितळवण्यास १४०० अंशांहून अधिक तापमान लागते. पेरोव्स्काइटचा थर मात्र द्रावणातून, वर्तमानपत्र छापावे तसा, कमी तापमानात देता येतो. स्वस्त व मोठ्या उत्पादनाची आशा आहे ती यामुळेच.

अडचण दोन ठिकाणी आहे. विक्रम बहुधा एखाद्या चौरस सेंटिमीटरच्या घटावर होतात. छपराएवढ्या क्षेत्रावर तोच थर एकसारखा पसरवणे अवघड असते. दुसरी अडचण टिकाऊपणाची. पेरोव्स्काइटला ओलावा सोसत नाही आणि त्यात बहुधा शिसे असते. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारख्या आपत्तीत फुटलेल्या पॅनेलमधून ते विहिरीत उतरणार नाही, याची हमी कोण देणार?

येथे निसर्गाचा एक धडा संशोधकांच्या हातून निसटतो. पिकांची पाने सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्का भाग साठवतात. साध्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या घरात आहे. पानाचे सामर्थ्य कार्यक्षमतेत नसून दुरुस्तीत आहे. प्रखर उन्हात बिघडणारे प्रथिन पान सतत बदलत राहते. पॅनेलला ते जमत नाही.

पॅनेलसाठी ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांची चाचणी आणि खाऱ्या तुषारांची स्वतंत्र चाचणी प्रचलित आहे. तथापि, बंद पेटीतील हजार तास म्हणजे कोकणातील पंचवीस पावसाळे नव्हेत. नव्या घटांना अनुदानाच्या योजनांत स्थान देण्यापूर्वी किनाऱ्यावर, उघड्यावर, काही वर्षे त्यांची चाचणी घेणे आवश्यक आहे.

ग्राहकाने मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सिलिकॉन पॅनेल बाजारात आहेत. नव्या घटांची वाट पाहावी, पण आंधळेपणाने नव्हे.