पुंजयामिकी : फळ्यावरची आणि प्रयोगशाळेतली

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मान्यता दिली आणि २०३०-३१ पर्यंत तिच्यासाठी सहा हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद केली. या मोहिमेस लागणारे मनुष्यबळ आकाशातून पडणार नाही, ते बी.एस्सी.च्या वर्गांतूनच यावयाचे आहे. म्हणूनच त्या वर्गांत पुंजयामिकी कशी शिकविली जाते, हा प्रश्न केवळ भौतिकीच्या प्राध्यापकांपुरता उरत नाही.

आजचे चित्र समाधानकारक नाही. फळ्यावर श्रोडिंजरचे समीकरण मांडले जाते आणि विद्यार्थी त्याची सोडवणूक परीक्षेपुरती पाठ करतो. प्रयोगशाळेत प्लँकचा स्थिरांक काढावयाचा असतो. पण त्याची किंमत पुस्तकात आधीच छापलेली असते आणि गुण असतात ते ‘बरोबर’ उत्तराला! मग उत्तरावरून उलटे गणित करून निरीक्षणे जर्नलात उतरविली जातात. विद्यार्थी आळशी असतात म्हणून हे घडते असे नव्हे. ज्या गोष्टीला मोबदला, तीच गोष्ट बाजारात येते. हा नियम प्रयोगशाळेलाही लागू आहे.

वस्तुतः २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकाची किंमत आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत कायमची निश्चित झाली आहे. विद्यार्थ्याने ती नव्याने शोधावी अशी जगाची अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती एवढीच की, निसर्गाचे म्हणणे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ही विद्या तत्त्वचिंतनातून नव्हे, तर प्रयोगांच्या रेट्यातून जन्मली. १९१४ मध्ये फ्रांक आणि हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा दर ४.९ व्होल्टच्या अंतराने विद्युतप्रवाह एकाएकी घसरू लागला. अणू ऊर्जा वाटेल तेवढी घेत नाही, ठरावीक हप्त्यानेच घेतो, हे त्या घसरणीने दाखविले. तो आलेख स्वतः काढलेल्या विद्यार्थ्याला फळ्यावरचे ऊर्जास्तर निव्वळ रेघा वाटणार नाहीत.

उपकरणे महाग असतात, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. निरनिराळ्या रंगांचे एल.ई.डी. दिवे, थोड्या बॅटऱ्या आणि एक व्होल्टमापक एवढ्यावर प्लँकच्या स्थिरांकाचा अंदाज येतो. लाल दिवा कमी व्होल्टला उजळतो, निळ्याला अधिक लागतात. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळत नाही. आणि ते का जुळले नाही, ही चर्चा हाच खरा धडा होय.

अर्थात केवळ प्रयोगांनी पुंजयामिकी उमगेल असेही नाही. तिचे गणित अवघड आहे. त्यासाठी चांगल्या व्याख्यानाला पर्याय नाही. मात्र प्रयोग आधी आणि समीकरण नंतर, असा क्रम लावता येईल. निरीक्षणांवर त्याच दिवशी शिक्षकाची स्वाक्षरी व्हावी आणि गुण प्रामाणिक नोंदींना व त्रुटींच्या विवेचनाला मिळावेत. त्यासाठी प्रयोगशाळेत शिक्षक हजर हवा. रिक्त जागा तासिका तत्त्वावर भागवून, आज येथे तर उद्या तेथे धावणाऱ्या तरुण अध्यापकाकडून ही अपेक्षा कशी करावी?

मोहिमेचा कळस उंच असावा, याबद्दल दुमत नाही. परंतु न घेतलेली निरीक्षणे लिहिण्याची सवय ज्या वयात लागते, त्याच वयात ती मोडावी लागते. पुढे कितीही कोटी खर्चले तरी त्या सवयीची भरपाई होणार नाही.