नमुन्याची वाट

२०२० सालचा एप्रिल महिना अमरावतीकर विसरले नसतील. करोनाचा संशय असलेल्या माणसाच्या घशातला नमुना तेव्हा दीडशे किलोमीटरवर नागपूरला, आपल्या तोंडी असलेल्या नावाने सांगायचे तर ‘मेयो’ला, जात असे. अकोल्याहून हेच अंतर अडीचशेच्या घरात. अहवाल येईपर्यंत इकडे घर, गल्ली, मोहल्ला श्वास रोखून बसलेला. अमरावतीत पहिला बाधित म्हणून ज्याची नोंद झाली, त्याचा अहवाल हाती आला तेव्हा तो माणूस या जगात नव्हता.

त्याच महिन्यात अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली आणि मे महिन्यात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात. संशोधनासाठी घेतलेली यंत्रे आणि माणसे विद्यापीठाने रुग्णांच्या कामाला लावली, ही वऱ्हाडाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण त्या दिवसांपासून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली. मशीन गावात आले की रोगाचे निदान पक्के! पुढारी उद्घाटन करतात ते मशीनचे, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो तोही मशीनचाच. नमुना त्या मशीनपर्यंत कसा पोचतो, याची चौकशी कोणी करीत नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि मेळघाटासारखा डोंगराळ भाग पोटात असलेल्या आपल्या मुलखाला हे परवडणारे नाही.

पीसीआर ही चाचणी काय करते ते थोडक्यात पाहू. ती जंतूला ‘बघत’ नाही. त्याच्या जनुकीय द्रव्याचा एक ठराविक तुकडा शोधते आणि सापडला की त्याच्या प्रती काढत सुटते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करीत तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. म्हणूनच ती इतकी तल्लख आहे. पण जो तुकडा डबीत शिल्लकच नाही त्याच्या प्रती कशाच्या काढणार? शून्याची कितीही वेळा दुप्पट केली तरी शून्यच.

आणि तुकडा नाहीसा व्हायला फार काही लागत नाही. करोना, डेंगी, एचआयव्ही या विषाणूंचे जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनए, आणि ते भलते नाजूक असते. त्याचा फडशा पाडणारी विकरे आपल्या त्वचेवर, घामात, लाळेत सगळीकडे असतात. म्हणून नाकातून काढलेली काडी त्या गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवायची, नळी दोन ते आठ अंशांत ठेवायची आणि लवकरात लवकर पोचती करायची. काडीसुद्धा कोणतीही चालत नाही. लाकडी दांड्याची, साध्या कापसाची काडी चाचणीतच अडथळा आणू शकते. रक्ताचा नमुना असेल तर नळीच्या टोपणाचा रंग पाहावा लागतो. जांभळ्या टोपणाची नळी चालते. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपारिन पीसीआरला अडवून धरते. थंड ठेवा म्हटले म्हणून रक्ताची नळी थेट बर्फाला भिडवली तर रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नळीभोवती शोषून घेणारा कापूस, त्यावर दुसरे घट्ट डबे आणि बाहेर जेलपॅक घातलेली थर्माकोलची पेटी, अशी तिहेरी बांधणी नियमाने ठरलेली आहे. नियम कागदावर उत्तम आहेत.

कोणी म्हणेल, नमुना बिघडला तर मशीन सांगेलच की! सगळेच सांगत नाही. चांगल्या चाचणीत माणसाच्या पेशीतले एक जनुकही सोबत तपासतात. त्यावरून काडी माणसाच्या शरीराला लागली होती एवढे कळते. ती जिथवर जायला हवी तिथवर गेली होती का, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी अहवालावर छापून येते ‘निगेटिव्ह’, आणि खऱ्या निगेटिव्हपेक्षा ते अक्षरानेही वेगळे दिसत नाही.

नीट ठेवलेल्या नमुन्याची किंमत काय असते, हेही आपण इथेच पाहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात रुग्ण एकाएकी वाढले; अमरावतीत २२ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी लागली. या भागातले नमुने जनुकीय क्रमवारीसाठी पुण्याला गेले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे दोन विशिष्ट बदल वाढत असल्याचे जाहीर केले, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्या कुळातल्या विषाणूला जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. डेल्टा अमरावतीत जन्मला, असे अजूनही चारचौघांत बोलले जाते. त्याला आधार नाही. त्याचे भारतातले सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. अमरावतीचे नाव गाजले, कारण अमरावतीचे नमुने तपासले गेले. क्रमवारीला तर विषाणू भरपूर आणि धडधाकट असलेला नमुना लागतो. उन्हात तापलेली नळी तिथे निरुपयोगी.

करोना मागे पडला. क्षय मात्र होता तिथेच आहे, आणि माझी खरी काळजी त्याची आहे. क्षयाच्या तपासणीलाही आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही जनुकीय यंत्रे वापरतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीने घडवलेले, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. तासाभरात उत्तर मिळते. मग अडते कुठे?

पहिली अडचण भाषेची आहे, असे मला वाटते. सरकारी मराठीत या नमुन्याला ‘थुंकी’ म्हणतात. आता डबी हातात देऊन कोणाला ‘थुंकी आणा’ म्हटले तर तो काय आणणार? थुंकीच! डॉक्टरांना हवा असतो बेडका, छातीतून खोकून काढलेला, शक्यतो सकाळचा, घट्ट. पाण्यासारख्या लाळेत क्षयाचे जंतू सापडण्याची आशा फार कमी. चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग जोरात खोकला, हे दोन मिनिटांचे समजावणे ज्याला मिळाले त्याची तपासणी आणि ज्याला मिळाले नाही त्याची तपासणी, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्याच्या घरी कोरकू बोलतात त्याला हे मराठीतून घाईघाईत सांगून भागत नाही. तिथे त्याच भाषेतली आशा ताई लागते, आणि नमुना घेताना ती तिथे हवी.

दुसरी अडचण वाटेची. धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावती दीडशे किलोमीटर, त्यात सेमाडोहचा घाट. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आनंदच आहे. पण नमुना हायवेवर अडत नाही. तो हायवेला लागण्याआधी अडतो. एका तालुक्याच्या दवाखान्यात मी दुपारी तीन वाजता पाहिले, थर्माकोलची पेटी व्हरांड्यात होती, सावली सरकून तिच्यावर ऊन आले होते आणि आतले जेलपॅक कधीच पाणी झाले होते. गाडी कुठे? एका बाळंतिणीला घेऊन गेली. तिला थांबवा असे कोण म्हणेल? पेटी आत उचलून ठेवणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते, इतकेच.

यंत्र तालुक्याला नेले की वाट संपली, असेही नाही. जंतू औषधांना दाद देत नाही असा संशय आला की पुढच्या तपासणीसाठी नमुना नागपूरसारख्या ठिकाणच्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तिथे जंतू वाढवून बघतात. त्यासाठी तो जिवंत पोचला पाहिजे, आणि उष्णतेने डबीतले इतर जंतू माजले तर क्षयाचा जंतू त्यांत हरवून जातो. देशात अनेक जिल्ह्यांत टपाल खात्याने हे नमुने वाहण्याचे काम घेतले आहे. मला ती कल्पना फार पसंत आहे. दुर्गम गावांचा पत्ता पोस्टमनइतका कोणाला ठाऊक असतो?

घरात बसून आपणही थोडे करू शकतो. रक्त न्यायला आलेल्या मुलाला, ‘बाबा रे, पेटीत जेलपॅक आहे का, लॅबमध्ये किती वाजता पोचशील?’ हे विचारायला लाजू नये. डबीवर नाव, तारीख, वेळ आपल्या डोळ्यांदेखत लिहून घ्यावी. डेंगीचा संशय असेल तर ताप कोणत्या दिवशी आला ते नेमके सांगावे, कारण विषाणू शोधणारी चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांतच उपयोगी. नंतर दुसरी करावी लागते. आणि तीन-तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरते आहे, अशा वेळी एका निगेटिव्ह कागदावर विसंबू नये. ‘रिपोट निगेटिव आला ना बाप्पा, मंग कायले गोया खावाच्या?’ असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचे तर्कशास्त्र चुकीचे नाही. कागदच चुकीचा असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

मेळघाटात होळीला बाहेरगावची मंडळी घरी परततात आणि सण झाला की पुन्हा कामाला निघून जातात. त्या चार दिवसांत घेतलेला नमुना गळकी डबी किंवा अर्धवट अर्ज म्हणून नामंजूर झाला, तर दुसरा नमुना कोणाकडून घेणार? तो माणूस तोवर दूरच्या कुठल्या तरी कामावर असतो, खोकला बरोबर घेऊन.

प्रयोगशाळा नमुने नामंजूर करते तेव्हा कारण नोंदवते. कुठल्या केंद्राचे किती नमुने परत गेले, गळतीमुळे, उशिरामुळे की नुसती लाळ होती म्हणून, हे आकडे जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे महिन्याच्या महिन्याला यावेत आणि छापूनही यावेत. सदस्यांनी मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांचे आधी मागावेत.