बोटांची किंमत कोण ठरविणार?

राजारामपुरीतील एका स्नेही शल्यविशारदांनी परवा दोन-तीन विमा कंपन्यांची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, अर्थशास्त्र तुमचे. यांतली कोणती घेऊ?" मागील पानावर मानवी देहाचे दरपत्रकच होते. दोन्ही डोळे गेल्यास शंभर टक्के, एक हात गेल्यास पन्नास, अंगठ्याला पंचवीस, तर्जनीला दहा! डॉक्टर खिन्नपणे हसून म्हणाले, "माझी तर्जनी गेली तर माझे दहा टक्के जात नाहीत, सगळेच जाते." त्यांच्या या एका वाक्यात अपंगत्व-विम्याचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

आयुर्विम्याची सवय आपल्या मध्यमवर्गाला १९५६ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीपासून आहे. आपल्या पश्चात कुटुंबाचे काय, हा प्रश्न आपण विचारतो. परंतु आपण जिवंत आहोत आणि मिळवते मात्र राहिलो नाही, तर काय, हा प्रश्न मनात येऊ देणेही आपल्याला अशुभ वाटते. वस्तुतः अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही दुसरी आपत्तीच अधिक खर्चाची. मृत्यूने घराचे उत्पन्न थांबते. अपंगत्वाने उत्पन्न तर थांबतेच, शिवाय औषधोपचार आणि शुश्रूषा यांचा खर्च वर्षानुवर्षे वाढत जातो.

विशेषज्ञ डॉक्टराचे भांडवल तरी कोणते? पदवी व आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची तीन, अतिविशेष शाखा घेतल्यास आणखी तीन. तिशी ओलांडल्यावर खरी मिळकत सुरू होते. तोवर घातलेली सारी गुंतवणूक दोन डोळे, दहा बोटे आणि एक पाठीचा कणा यांत साठलेली असते. याच भांडवलाच्या भरवशावर बँक त्यांना रुग्णालयासाठी कर्ज देते. इमारतीचा आणि यंत्रांचा विमा उतरविला जातो. ती यंत्रे चालविणारा हात मात्र बहुधा विम्यावाचूनच राहतो.

आपल्याकडे सर्रास मिळणारा विमा हा मुख्यतः वैयक्तिक अपघात विमा होय. अपघाताने अवयव गेला तर तो उपयोगी पडतो. हाताला कंप सुटला, मणक्याच्या विकाराने तासन् तास उभे राहणे अशक्य झाले, तर त्यातून काही मिळत नाही. गंभीर आजाराच्या पॉलिसीत ठराविक व्याधींची यादी असते, आणि यादीबाहेरची व्याधी आपल्याला होणार नाही असे अभिवचन कोणी देत नाही. शिवाय अनेक ठिकाणी संपूर्ण अपंगत्वाची व्याख्या अशी असते, की विमेदाराला कोणताच कामधंदा करून मिळकत करता येऊ नये. शस्त्रक्रिया करू न शकणारा डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवू शकतो. तेव्हा या व्याख्येनुसार तो अपंगच नव्हे! अमेरिकेत डॉक्टर मंडळी पॉलिसी घेताना प्रथम पाहतात ते हेच, की व्याख्या 'कोणत्याही व्यवसायाची' आहे की 'स्वतःच्या व्यवसायाची'.

आपल्या न्यायालयांना हा भेद अपरिचित नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही अंगठ्याला ३० आणि तर्जनीला १४ टक्के असे कोष्टक होते. तथापि डाव्या हाताला कोपराच्या वरून मुकलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कोष्टकापलीकडे पाहिले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे संपूर्ण अपंगत्वच होय, असा निर्णय झाला. पुढे २०१० साली, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात, हेच तत्त्व अधिक स्पष्ट झाले. डावा हात गेल्याने वाहनचालकाची वा सुताराची मिळकत जवळजवळ पूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. परंतु हे तत्त्व नुकसानभरपाईचे. विमा हा करार आहे, आणि करारात जे लिहिले तेच मिळते.

"डॉक्टरांची काळजी आम्ही कशाला वाहावी?" असे कोणी विचारील. कायम सरकारी सेवकाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा आधार आहे. सेवेत असताना अपंगत्व आले तरी त्याला कमी करता येत नाही. पण हुपरीचा चांदी कारागीर, इचलकरंजीचा यंत्रमागवाला आणि तासिका तत्त्वावर शिकविणारा, आवाज हेच ज्याचे भांडवल असा आमचा तरुण सहकारी, यांना कोणता आधार? वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना स्तुत्य खरी, पण तीही अपघातापुरतीच. डॉक्टरांचा प्रश्न हा सर्व हुन्नरवंतांच्या प्रश्नाचा केवळ ठळक नमुना आहे.

असा विमा दिल्यास लोक काम सोडून बसतील, आणि आजारी माणसेच तो घेतील, ही विमा कंपन्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण तिला उपाय आहेत. भरपाई पूर्ण मिळकतीऐवजी तिच्या साठ-पासष्ट टक्क्यांपुरती ठेवावी, म्हणजे कामावर परतण्याची ओढ राहील. आणि व्यक्तीऐवजी संपूर्ण व्यवसायसंघाचा गटविमा उतरवावा, म्हणजे निरोगी व रोगी एकाच छत्राखाली येतील. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी आणि विमा नियामकांनी यात पुढाकार घ्यावयास हवा, आणि तो घ्यावयास लावण्याचे काम व्यवसायसंघांनी करावयास हवे.

त्या स्नेह्यांना मी इतकेच सुचविले: हप्ता किती, हे शेवटी पाहा. आधी चार गोष्टी विचारा. आजाराने आलेले अपंगत्व यात येते का? व्याख्या कोणत्या व्यवसायाची? पैसे एकरकमी की दरमहा, आणि किती वर्षे? तात्पुरत्या अपंगत्वाचे काय? प्रस्तावात जुने दुखणे लपवू नका. आणि मनासारखी पॉलिसी मिळेपर्यंत मोठा अपघात विमा, गंभीर आजाराचा विमा आणि दोन वर्षांच्या घरखर्चाइतकी शिल्लक, या तिन्हींची जोड ठेवा. बोटांची किंमत कोष्टक ठरविते, ती त्या बोटांनी होणाऱ्या कामावरून ठरावी, हा आग्रह मात्र आपण सर्वांनी मिळून धरावयाचा आहे.